लॉन्ड्रीवाल्या काकूंचा पाऊस

लॉन्ड्रीवाल्या काकूंना अख्खी गल्ली पाठीमागे ‘ढगकाकू’ म्हणायची. काकूंना ते ठाऊक होतं, पण राग नव्हता. जिचा संसार दोरीवरच्या कपड्यांवर चालतो, तिनं आभाळाकडे नाही बघायचं तर कुणी?

एकोणीस वर्षांपूर्वी समोर राहणाऱ्या भूगोलाच्या मास्तरांची बदली झाली. जाताना त्यांनी पाऊस मोजायचं आपलं यंत्र काकूंच्या परसात रोवून दिलं. यंत्र कसलं, पत्र्याचा डबा. वर नरसाळं, आत बाटली आणि सोबत काचेचं मोजपात्र. “रोज सकाळी साडेआठला बघा आणि हवामान कार्यालयाला आकडा कळवा,” एवढंच मास्तर म्हणाले. अंगात ताप असो की दारात पाहुणे, काकूंची वेळ कधी चुकली नाही. काका इस्त्री फिरवता फिरवता टोमणा मारायचे, “पडून गेलेला पाऊस मोजून काय मिळतं गं?”

“तुमचं घोरणं मोजण्यापेक्षा बरं!” काकू म्हणायच्या.

यंदा समुद्रात चक्रीवादळ उठलं. गुरुवारी किनाऱ्याला धडकेल, असं रेडिओ सांगत होता. काकूंनी सुनेकडून नकाशा मागवला, कपाटाच्या दारावर चिकटवला आणि दर बातम्यांना वादळ असेल तिथं पेन्सिलीनं टिंब द्यायला सुरुवात केली. सोमवारी दोन टिंबांत बोटभर अंतर होतं. मंगळवारी सकाळी दोन बोटं झालं.

“अहो, हे तर पळायला लागलंय. गुरुवारची वाट नाही बघायचं.”

“वासरात लंगडी गाय शहाणी! रेडिओवाल्यांना कळत नाही, तुला कळतं?”

“नसेल कळत. पण हॉस्पिटलच्या दीडशे चादरी ओल्या राहिल्या, तर पेशंट काय ओल्यात निजणार?”

काकूंनी बाकीचं काम बाजूला सारलं. सून धुवायला, काकू पिळायला, काका दोऱ्या बांधायला. वारा होता, ऊनही होतं, चादरी भराभर वाळल्या. दुपारी चारला शेवटचा गठ्ठा हॉस्पिटलात पोचला आणि सहाच्या बातम्यांत रेडिओनं सांगितलं, वादळाचा वेग वाढलाय, उद्या दुपारीच येणार. काकांनी रेडिओ बंद केला आणि छपराच्या पत्र्यावर ठेवायला दगड गोळा करायला गेले.

बुधवारी सकाळीच आभाळ फाटलं. बाटली भरून वाहायला लागली तर मोजणीच वाया जाणार, म्हणून ती मधूनमधून रिकामी करणं भाग होतं. वाऱ्याचा जोर ओसरला की काकू परसात धावायच्या, आणि डोक्यावर छत्री धरून मागोमाग काका! दुसऱ्याच फेरीला छत्री उलटी झाली, तेव्हा त्यांनी कपडे भिजवायचा टब डोक्यावर घेतला.

“शहाण्णव!” काकू ओरडल्या. “लिहा!”

वहीचा तर लगदा झालेला. काकांनी कपड्यांवर खुणा करायची शाई काढली आणि आकडा स्वतःच्या दंडावर लिहिला. त्याखाली पुढचा, त्याखाली त्याच्या पुढचा.

संध्याकाळपर्यंत वादळ शहराला बगल देऊन पुढे सरकलं. गल्लीतली दोन झाडं पडली, कुणाला इजा झाली नाही. सगळ्यांच्या जिवात जीव आला.

सकाळी हवामान कार्यालयाचा फोन आला. “काकू, तुमच्या भागातलं आमचं स्वयंचलित यंत्र काल बंद पडलं. तुमच्याकडे काही नोंद आहे का?”

“आहे ना. जरा थांबा, वहीत नाही, यजमानांच्या दंडावर आहे. अहो, इकडे या! बाही वर करा!”

बेरीज झाली तीनशे सात मिलिमीटर. पलीकडचा साहेब म्हणाला, “काकू, तुम्ही होतात म्हणून हा आकडा मिळाला.”

काकांनी पुढचे आठ दिवस त्या दंडाला साबण लावू दिला नाही. इस्त्रीचे कपडे न्यायला येणाऱ्या प्रत्येकाला बाही वर करून दाखवायचे. “आमच्या हिनं मोजलाय,” म्हणायचे, “थेंब न् थेंब.”