तुमची शिक्षा किती?

उत्तरेतल्या एका शहरात ओरछा गेटच्या आतल्या गल्लीत राहणारे मार्तंडराव रेल्वेत कारकून होते. चोवीस वर्षांच्या नोकरीत त्यांनी कुणाशी वाद घातला नाही की कुणाची चहाडी केली नाही. भित्रा माणूस, पण सरळ, असंच लोक म्हणत.

आणीबाणीच्या पहिल्या हिवाळ्यात त्यांच्या जुन्या मास्तरांनी, केशवरावांनी, त्यांना एक इंग्रजी कादंबरी दिली. "वाच, पण मिरवू नकोस," एवढंच म्हणाले. त्या कादंबरीतल्या देशात सरकार घराघरांत डोकावायचं, मुलं बापाला धरून द्यायची. मार्तंडरावांनी पुस्तकाला पंचांगाचं वेष्टन घातलं. शंभर पानं होईतो त्यांना ऑफिसातला खोकलाही मुद्दाम काढलेला वाटू लागला.

त्यातच समोरच्या घरात भीमराव राहायला आले. बबिन्याच्या छावणीतले सुभेदार, मूळचे साताऱ्याकडचे. गल्लीत दुसरं मराठी घर नाही, म्हणून येता-जाता हाक मारायचे.

"काय मार्तंडराव, पंचांग संपलं का न्हाई अजून? आमचं लगीन तर एका पानात उरकलं!"

याला पंचांगाची एवढी काळजी का? मार्तंडराव समोरची खिडकी बंदच ठेवू लागले.

"अहो, हवा येऊ द्या की," त्यांच्या पत्नी सरलाबाई म्हणायच्या.

"हवाच येते कशावरून?"

एका रविवारी ते भाजी घेऊन आले, तर सरलाबाई म्हणाल्या, "भीमरावजी आले होते. तुमच्या शिक्षेचं विचारत होते. किती झाली, कुठे झाली. मी म्हटलं, त्यांनाच विचारा."

सरलाबाई गुरसरायच्या, हिंदी मुलखात वाढलेल्या. बोलायच्या मराठी, पण निम्मे शब्द हिंदी. एरवी मार्तंडराव हसले असते. त्या दिवशी 'शिक्षा' ऐकताच, पिशवी खाली न ठेवता ते समोर गेले.

"पुस्तक माझं नाही," दारातूनच म्हणाले. "केशवरावांचं आहे. लक्ष्मी तलावाजवळ राहतात, देवळामागे. त्यांनी दिलं. मी मागितलंसुद्धा नव्हतं."

भीमराव दाढी करत होते. अर्ध्या गालाला साबण तसाच.

"कोण केशवराव? आवो, आमच्या लेकीला, शारदाला, हितं मराठी शिकवायला कुणी न्हाई. तुमचं शिक्षण किती झालं, एवढंच वैनींना इचारलं. शिकवाल का?"

मार्तंडराव 'हो' म्हणाले. दुसरं काही सुचलंच नाही.

संध्याकाळी पुस्तक घेऊन ते निघाले. वाटेत दोनदा थबकले. पुस्तक देऊन गप्प बसलं तर कुणाला कळणार होतं?

"शेवट वाचलास?" केशवरावांनी विचारलं.

"नाही. मास्तर, मी तुमचं नाव सांगितलं. पत्त्यासकट."

केशवरावांनी उठून दार लोटलं.

"कुणाला?"

"समोरच्या भीमरावांना. त्यांनी विचारलंही नव्हतं. साधा माणूस आहे."

"साधा आहे हे तुला कुणी सांगितलं?"

केशवरावांनी पुस्तक घेतलं, पंचांगाचं वेष्टन काढून त्यांच्या हातात परत दिलं आणि म्हणाले, "आता काही दिवस इकडे येऊ नकोस."

शारदाला मार्तंडरावांनी दोन वर्षं मराठी शिकवली. भीमराव खरोखरच साधे निघाले. ते सांगायला मार्तंडराव देवळामागच्या घरी दोनदा जाऊन आले. दोन्ही वेळा आत पावलं वाजली, दाराशी येऊन थांबली. कडी निघाली नाही.