आधी तुमचा घोडा चढवा

घोडा विकत घेताना आमच्या इंग्लंडातल्या श्रॉपशरचे लोक काय काय करतात ते एकदा बघाच. दात बघतील, चारही खूर उचलतील, डोळ्यांपुढे बोट नाचवतील, घोड्यांच्या डॉक्टरला तीनशे पौंड देऊन दोन तास तपासायला लावतील. आणि तोच घोडा ज्या गाडीत कोंडून पन्नासच्या वेगानं पळवायचा, ती गाडी घेताना? रंग बघतील. विकणाऱ्या बाईची कुत्री शेपूट हलवत अंगावर आली की संपलं, व्यवहार पक्का. मी याच लोकांत जन्मले, वाढले, म्हातारी झाले. मी नावं नाही ठेवायची तर कुणी ठेवायची?

माझी शेजारीण ग्लेनिस प्रॉसर ही तर या सगळ्यांची शिरोमणी. वय एकसष्ट. सव्वीस वर्षं शाळेच्या जेवणघरात पोरांच्या ताटात उकडलेले बटाटे वाढले, आणि एकाही पोरानं कधी तिचा चढलेला आवाज ऐकला नाही. बाजारात कुणी तिच्या पायावर पाय दिला तर माफी हीच मागते. नवरा सोडून गेला तेव्हा तिनं त्याचे शर्ट इस्त्री करून दिले. घोडी गेली तेव्हा मात्र आठ दिवस अन्नाला शिवली नाही.

टॅन्सी तिचं नाव. दोन वर्षांपूर्वी ऑगस्टातल्या एका रविवारी सकाळी तिच्या पोटात कळा सुरू झाल्या. डॉक्टर आला, म्हणाला, आतड्याला पीळ पडलाय, दोन तासांत घोड्यांच्या दवाखान्यात नेलीत तर वाचेल. दवाखाना चाळीस मैलांवर. गावात घोडे न्यायच्या गाड्या चौदा, आणि चौदाच्या चौदा त्या दिवशी जिल्ह्याच्या प्रदर्शनाला गेलेल्या, तिथे रंगीत फिती जिंकायला. माझा मेंढ्यांचा ट्रेलर होता, पण घोडी त्यात मावणार कशी? ग्लेनिसनं बावीस फोन केले. प्रत्येक फोनची सुरुवात, "सुटीच्या दिवशी त्रास देतेय, माफ करा हं." बिचाऱ्यांनी माफ केलं. गाडी कुणी आणली नाही. अखेर एक आली ती साडेतीन तासांनी, आणि तोवर डॉक्टरनं सुई देऊन टॅन्सीला कायमचं सोडवलं होतं.

आता ग्लेनिसकडे पार्सन आहे. ठेंगणा, रुंद, खादाड घोडा. त्याला साधी शिंक आली तरी ही डॉक्टरला फोन लावते. दोन वर्षं तिनं पै-पै साठवून सात हजार पौंड जमवले. जुना असो, लहान असो, पण घोडा न्यायची स्वतःची गाडी, हॉर्सबॉक्स, दारात उभी हवी, म्हणजे पुन्हा कुणापुढे पदर पसरायला नको. एवढंच तिचं मागणं.

सात हजारांत काय मिळतं? जाहिराती मिळतात, भरपूर. 'दोन मोठे घोडे आरामात' असं जिच्यावर लिहिलेलं असतं त्या गाडीत दोन घोडे घातले की कायद्यानं घातलेली वजनाची मर्यादा ड्रायव्हर बसायच्या आतच ओलांडली जाते. 'एकाच प्रेमळ मालकिणीची' म्हणजे आधीच्या चौघांचं प्रेम नव्हतं. चार महिने आम्ही असल्या गाड्या बघत हिंडलो. मग मिसेस लव्हेल यांची जाहिरात आली. गडद हिरवी गाडी, दोन घोड्यांची जागा, साडेआठ हजार, 'चांगल्या घरी जाणार असेल तर कमी करू.'

"बघ ना ओलवेन, किती छान माणसं वाटतात," ग्लेनिस मला म्हणाली.

"माणसं नाही घ्यायचीत आपल्याला," मी म्हटलं.

शनिवारी गेलो. मोठं आवार, दगडी तबेला, त्यात मिसेस लव्हेलचा उंच, तुकतुकीत घोडा. बाईंच्या बुटांना चिखल, कोटाला गवत, पायांशी तीन कुत्री. ग्लेनिस तिथेच विरघळली. वर चहा आणि घरचा केक. आमच्याकडे ज्याच्या घरचा केक खाल्ला त्याच्या गाडीखाली वाकून बघायचं म्हणजे त्याला तोंडावर चोर म्हणण्यासारखं. म्हणून तर हे लोक केक आधी देतात.

गाडी दिसायला खरंच देखणी. आत घोड्यांच्या पायांखाली जाड काळं रबर, भिंतीपासून भिंतीपर्यंत घट्ट चिकटवलेलं.

"हे जरा उचलून बघता येईल?" मी विचारलं.

"अय्या, नको हो! मुद्दाम चिकटवून घेतलंय, पाणी खाली मुरू नये म्हणून," मिसेस लव्हेल म्हणाल्या. "आणि गेल्याच महिन्यात गाडी तपासणीत पास झालीय. कागद दाखवू?"

कागद खरा होता. तपासणारा ब्रेक बघतो, दिवे बघतो. सहाशे किलोचं जनावर रबराखालच्या लाकडी फळ्यांवर उभं करून तो थोडाच बघतो?

मी ग्लेनिसला कोपरानं ढोसलं. "खाली वाकून बघ की."

"शू! काय वाटेल त्यांना!"

"ग्लेनिस, डार्लिंग," बाई आता एकदम नावावर आल्या, "तुमच्याकडे बघूनच कळतं हो, घोडा तुमच्याकडे सुखात राहणार. सात हजार द्या. माझं नुकसान झालं तर झालं."

ग्लेनिसचे डोळे भरून आले. हात पर्सकडे गेला. मी मनात म्हटलं, गेले पैसे. आणि मग तिनं जे केलं ते अक्कलहुशारीनं केलं असं मी म्हणणार नाही, नुसत्या सवयीनं केलं. आमच्याकडे घोडा घेताना एक रीत असते. विकणाऱ्यानं आधी स्वतः बसून दाखवायचं. तो बसला नाही तर घेणाऱ्यानं रिकिबीत पाय घालायचा नाही. चाळीस वर्षं घोड्यांत गेलेली बाई ती, गाडीलाही तीच रीत लावून मोकळी झाली.

"मग आधी तुमचा घोडा चढवा ना," ती म्हणाली. "गल्लीच्या टोकापर्यंत एक चक्कर मारू, आणि मी लगेच पैसे देते."

मिसेस लव्हेल हसल्या. "आत्ता? नुकताच खाऊन बसलाय हो तो."

"थांबू की आम्ही तासभर."

"त्याचा एक पाय जरा दुखतोय."

"मग नुसता वर चढवून उतरवा."

"नाही," मिसेस लव्हेल म्हणाल्या. हसू गेलं होतं. "माझा घोडा मी त्यात नाही घालणार."

घालणार नाही! असं तोंडानं बोलून गेल्या, आणि मग केकचं ताट उचलायला लागल्या. ग्लेनिसनं पर्स बंद केली, केक छान झाला होता असं सांगितलं, माफीही मागितली. काय करता अशा बाईला!

फाटकाबाहेर आलो तर एक मोटार आत वळत होती. बाप आणि बारा-तेरा वर्षांची मुलगी. मुलीच्या मांडीवर तट्टाची नवीकोरी दोरी, बहुतेक गाडीत बांधून बघायला आणलेली. ग्लेनिसनं मोटार थांबवली.

"माफ करा हं, पण ती स्वतःचा घोडा त्यात चढवायला तयार नाही."

"असं होय? फारच आभारी आहे, सांगितलंत ते बरं केलंत," तो गृहस्थ अदबीनं म्हणाला, आणि तितक्याच अदबीनं गाडी आत घेऊन गेला. पाच मिनिटांत तो चहा पीत होता. दहा मिनिटांत मुलगी कुत्र्यांशी खेळत होती. पंधराव्या मिनिटाला त्यानं खिशातून फोन काढला, पैसे पाठवायला.

ग्लेनिस माझ्या शेजारी फाटकाशी उभी होती.

"चल, निघू या," मी म्हटलं. "आपण सांगितलं. आपलं काम झालं."

"टॅन्सीच्या वेळी त्या चौदा गाडीवाल्यांनाही आपलं काम झालं असंच वाटलं होतं," ती म्हणाली आणि आत चालू लागली. मी मागोमाग.

ती सरळ त्या हिरव्या गाडीपाशी गेली, आपल्या चांगल्या कोटासकट चिखलात पाठीवर आडवी झाली आणि सरपटत खाली शिरली. बाहेर नुसते बूट दिसत होते. खिशात खूर साफ करायचा लोखंडी आकडा तिच्या कायमच असतो. फळ्यांना खालून दिलेल्या नव्या काळ्या रंगात तिनं तो खुपसला. मी वाकून बघत होते. आकडा मुठीपर्यंत आत गेला, जोर न लावता. तिनं तो फिरवून ओढला, तशी ओल्या, काळ्या, कुजलेल्या लाकडाचा मूठभर भुगा तिच्या तोंडावर पडला. दुसऱ्या जागी खुपसला, तिथेही तेच.

"हे काय चाललंय! बाहेर या!" मिसेस लव्हेल ओरडल्या. "ही मालमत्तेची नासधूस आहे!"

ग्लेनिस बाहेर आली. केसांत चिखल, कपाळावर लाकडाचा चुरा. तिनं तो चुरा त्या गृहस्थाच्या चहाच्या बशीत ठेवला.

"माझी घोडी गाडी मिळाली नाही म्हणून मेली," ती त्या मुलीला म्हणाली. आवाज चढला होता, जन्मात पहिल्यांदा. "तुझं तट्टू गाडी मिळाली म्हणून मरायला नको. फळी तुटते, पाय खाली रस्त्यावर जातात, आणि गाडी चालूच असते. कळलं?"

मुलगी रडायला लागली. बापानं फोन खिशात टाकला आणि खरंच, मिसेस लव्हेलचे चहाबद्दल आभार मानले.

आम्ही घरी येऊन पोलिसांना कळवलं. त्यांनी तक्रारीचा नंबर दिला, मोठा, अकरा आकडी. बुधवारी तीच जाहिरात पुन्हा झळकली. किंमत सहा हजार, आणि खाली एक नवी ओळ: 'उगाच वेळ घालवणाऱ्यांनी येऊ नये. बघण्याची वेळ शनिवारी सकाळी.'

त्याच शनिवारी सकाळी दहाला आम्हाला लेम्स्टरला दुसरी गाडी बघायला जायचं होतं. एका म्हाताऱ्या लोहाराची, फळ्या त्यानं स्वतः बदललेल्या, रबर मोकळं, सहा हजार आठशे. चार महिन्यांत पहिल्यांदाच मलासुद्धा टोमणा सुचला नव्हता. आठ वाजता ग्लेनिसनं त्याला फोन करून सांगितलं की आज जमणार नाही.

"डोकं ठिकाणावर आहे का तुझं?" मी म्हटलं. "पार्सनला उद्या काही झालं तर?"

"तर मी पुन्हा बावीस फोन करीन," ती म्हणाली. "पण तिथे आज पुन्हा एखादी पोरगी येणार गं."

थर्मास घेऊन ती मिसेस लव्हेलच्या फाटकाशी उभी राहिली, दुपारी दोनपर्यंत. या खेपेला कुणाची माफी मागितली नाही. तिघांना परत पाठवलं. लेम्स्टरची गाडी बाराच्या आत विकली गेली. चांगली होती म्हणतात.