गेरूची फुली

पुढच्या महिन्यात मी निवृत्त होते, म्हणून प्रयोगशाळा आवरायला घेतली आहे. काचेची भांडी गुंडाळायला शिपायानं तागाची पोती आणली. ती दमट निघाली, आणि त्या वासासरशी मी सिरसाळ्याला, वडिलांच्या आडत दुकानात जाऊन बसले.

अण्णा थप्पीपाशी वाकले होते. पोत्यात टोकदार नळी खुपसायची, घरंगळलेली ज्वारी तळहातावर घेऊन हुंगायची आणि आंबूस लागली की पोत्यावर गेरूची फुली मारायची. फुलीचं पोतं हमाल फोडणार, आणि वाळवून, निवडून चांगले दाणे पुन्हा भरणार.

"अण्णा, पेशीत बी असंच असतंय," पीएचडीला नुकताच प्रवेश मिळालेली मी उत्साहानं सांगत होते. "खराब प्रथिनाला युबिक्विटिन नावाची खूण चिकटते. मग पेशी ते फोडते अन् तुकडे नव्या कामाला घेते."

"मंग तुझं काम काय हाय त्यात?"

"ती खूण नेमकी कशी चिकटते, ते शोधायचं."

अण्णांनी गेरूची बोटं धोतराला पुसली. "लई किचकट हाय की, बाई. समदा जन्म जाईल त्यात."

गेला. थोडं कळलं, बरंच राहिलं. आता पाठ धरते, डोळे चुरचुरतात, आणि माझ्या जुन्या यंत्रांवर भंगाराच्या लाल चिठ्ठ्या लागल्या आहेत.

"जाईना का!" असं मी तेव्हा हसून म्हटलं होतं. जसा काही जन्म माझ्याकडे पोत्यांनी भरून पडला होता.