पुस्तकातल्या गावाचं पाणी

नाशिकच्या इंदिरानगरातल्या छाया जेजुरकरनं अर्धवट सुटलेला सिव्हिलचा डिप्लोमा दोन लेकरं झाल्यावर पुन्हा धरला. विषय एकच राहिला होता, पाणीपुरवठ्याचा. पण गृहपाठावर सरांची सही झाली तरच परीक्षेला बसता येणार होतं.

शेवटचं गणित असं, की एका शहराची लोकसंख्या दिली आहे, तीस वर्षांनी त्याला रोज किती पाणी लागेल? छाया मोठ्यानं वाचत होती. शेजारी मेथी निवडत बसलेल्या सासूबाईंनी, रंगूबाईंनी, तोंड घातलं, "आन सिंहस्थाला येणारी माणसं काय तहानेली ठेवायची? मागच्या टायमाला आपल्याच घरी विंचूरच्या पाहुण्यांची सगळी पलटण उतरली होती."

छायाला पटलं. तिनं यात्रेकरूंचं पाणीही बेरजेत धरलं.

कॉलेजात सरांनी उत्तरावर लाल रेघ ओढली. "सिंहस्थ कुठून आणलात, मॅडम?"

"सर, गोदावरी म्हटल्यावर सिंहस्थ आलाच ना!"

"गणितात गोदावरी तरी कुठं आहे? पुस्तकातलं गाव आहे हे."

छाया भांडणाच्या तयारीनंच गणित पुन्हा वाचू लागली, पण त्यात शहराचं नावच नव्हतं. नाशिक तिनंच त्यात घुसवलं होतं. तिथंच बाकावर बसून तिनं यात्रेकरू खोडले, नवं उत्तर काढलं आणि सही घेतली.

घरी रंगूबाई वाटच बघत होत्या. "झाली का गं सही?"

"झाली, आई. त्या गावात सिंहस्थ भरतच नाही."

"भरत नाय?" रंगूबाई जरा विचारात पडल्या. "मग तिथं नळाला रोज पाणी येत असंल. कुठंशी हाय गं ते?"