जिभेला न चिकटलेली माती

अंबाजोगाईबाहेर आमचं छोटं युनिट आहे. ट्रान्सफॉर्मरमधलं जुनं तेल आम्ही साफ करून देतो. काळवंडलेलं तेल गरम करायचं आणि मुलतानीसारख्या मातीने भरलेल्या उंच टाकीतून हळूहळू सोडायचं. आम्ल आणि मळ माती धरून ठेवते, खालून फिकट पिवळं तेल येतं. फक्त माती कोरडी हवी. ओल्या मातीत पाण्यानेच जागा अडवलेली असते, मळ तसाच पुढे जातो.

हे मला शिकून माहीत होतं. मामांना जिभेवरून कळायचं. मामा आमचे सर्वांत जुने कामगार, मूळचे चकलांब्याचे, मेंढरं राखणाऱ्या घरातले. पोतं उघडलं की चिमूटभर माती ते जिभेला लावत. चिकटली तर कोरडी. नाही चिकटली तर पत्र्यावर पसरून भट्टीवर तापवायची.

“मामा, मीठ बरोबर हाय का?” बाकीचे विचारायचे.

“आळणी हाय. तापवा.”

मी युनिटची व्यवस्थापक म्हणून आल्यावर प्रत्येक कामाची यादी करून भिंतीला लावली. आठवं कलम होतं: माती तोंडात घालू नये. तपासणीला बाहेरची माणसं यायची, त्यांच्यासमोर ते बरं दिसत नव्हतं. पोती शिवलेली येतात, तेव्हा तापवायची गरज नाही, असंही ठरवलं. दरवाजाजवळची जागा मोकळी दिसावी म्हणून सगळी पोती पाण्याच्या टाकीला लागून असलेल्या भिंतीकडे रचून घेतली.

आठवड्याभराने मामा दारात आले. “ताई, माती सर्द वाटतीय. तापवू का?”

“यादीत आहे का, मामा?”

“न्हाई.”

“मग झालं.”

त्या मातीतून काढलेलं तेल गिऱ्हाइकाने परत पाठवलं. आम्ल शिल्लक होतं, पाणीही जास्त. मी सगळ्यांना शेडमध्ये उभं केलं आणि म्हणाले, “मामांचं लक्ष नव्हतं.” तेल गरम झालं नसेल, घाईत सोडलं असेल, असं मनाशी धरलं होतं. विचारलं मात्र काहीच नाही. मामांना टाकीवरून काढून पिंपं धुवायला लावलं. बाकीच्यांनी मान खाली घातली.

तेलाचा पुढचा घाणाही तसाच बिघडला, तेव्हा टाकीवर मामा नव्हते. दुपारी सगळे जेवायला गेल्यावर मी मागचं एक पोतं उसवलं. आजूबाजूला पाहून चिमूट जिभेवर ठेवली. चिकटली नाही. भिंतीला हात लावला तर ओल होती.

त्याच वेळी पिंपांकडे, मामांजवळ जायला हवं होतं. मी आधी पोती हलवायचं लिहून काढलं, मग भट्टीची वेळ ठरवली. दुसऱ्या दिवशी पुन्हा सगळ्यांना जमवलं. रात्रभर शब्द जुळवले होते. तोंडातून निघालं ते असं: “मामांना आपण परत टाकीवर घेतोय. झालं ते विसरून जाऊ.”

मी त्यांना माफ केलं होतं. ज्यांची माफी मागायची, त्यांनाच.

“लई उपकार झाले, ताई,” मामा म्हणाले. आवाजात टोमणा नव्हता. असता तर मला सोपं गेलं असतं.

माणसं पांगल्यावर ते जवळ आले. “एक सांगू का? ह्या लोकांना तेवढं सांगा, मी चुकलो न्हवतो म्हणून. माझा जावई बी हितंच कामाला हाय. त्याला वाटतंय मी झोपलो हुतो.”

“बघू,” मी म्हणाले.

त्याला आता दोन वर्षं झाली. कामांच्या वहीत रोज सकाळी हे सांगायचं काम सगळ्यांत वर असतं आणि संध्याकाळी मी ते उद्याच्या पानावर उतरवते. एवढ्या दिवसांत पुढे ढकललेलं दुसरं एकही काम त्या वहीत नाही. मामांचा जावई अजून त्यांच्यासोबत जेवायला बसत नाही. मी कार्यालयाच्या खिडकीतून दोघांचे वेगवेगळे डबे पाहते.