वळणारं जहाज

पवनीच्या माझ्या कंप्युटर सेंटरात किस्से मुद्दाम कोणी गोळा करत नाही. जहाज बांधायचं, ते हातचं जायचं, की किस्सा तयार! तीन वर्षांत एकही जहाज टिकलं नाही. किस्से तेवढे टिकले.

जहाजं म्हणजे गेममधली, अंतराळातली. एकेक ठोकळा जोडून बांधायची आणि उडवायची. मी दिवसभर लोकांचे ऑनलाइन फॉर्म भरतो, आणि माझा जोडीदार प्रमोद आसगावच्या राईस मिलमध्ये फिटर आहे. नागपूरच्या एका ग्रुपने आम्हाला त्यांच्या सर्व्हरवर घेतलं होतं. दरवर्षी त्यांची परीक्षा: ठरलेल्या मार्गाने दहा मिनिटांत जहाज न्यायचं. आम्ही दोनदा नापास. तिसऱ्यांदा नापास झालो तर नाव कट, तीन वर्षांचं सगळं बांधकाम डिलीट!

*

प्रमोदचं पहिलं जहाज. मागे नऊ इंजिनं. काय सुटलं म्हणता! पहिलं वळण आलं तसा मी ओरडलो, "ब्रेक मार बे!"

प्रमोद शांतपणे म्हणाला, "समोरचं इंजिन लावाचं राहिलं."

अंतराळात हवा नाही, त्यामुळे एकदा सुटलेलं आपोआप थांबत नाही; समोरचं इंजिन उलटा जोर लावेल तेव्हाच थांबतं. ते अजून जाऊनच राहिलं असेल.

*

मग त्याने इंधनाची जड टाकी जहाजाच्या एकाच बाजूला बसवली. का, तर मिलमध्ये धानाची टाकी त्याच बाजूला आहे! डावीकडे वळवलं की जहाज जागच्या जागी गरगर. दोन परीक्षा आम्ही अशाच गरगरत घालवल्या.

"पॉवर कमी पडून राहिली," प्रमोदचं निदान ठरलेलं. इंजिन वाढवलं की आणखी जोरात गरगर! मला खरोखर रडू यायचं.

*

एकदा एक काका सातबारा काढायला आले. आम्ही दोघं डोक्याला हात लावून स्क्रीनकडे बघत बसलेलो. काका थोडा वेळ उभे राहिले.

"सर्व्हर डाउन हाये का? उद्या येतो मंग!"

बिचारे तीन दिवस आले. तिन्ही दिवस आमचे चेहरे तसेच होते.

*

किसनभाऊही फॉर्म भरायलाच आले होते. भाऊ डोंग्यातून, म्हणजे लहान होडीतून, मासेमारी करतात. त्यांचं गाव गोसीखुर्द धरणाच्या पाण्यात गेलं. आता ते पुनर्वसनाच्या गावात राहतात आणि त्याच पाण्यात जाळं टाकतात. आमची गरगर त्यांनी पाहून घेतली.

"वळाचे इंजिनं मधात काहून लावले? डोंगा मधातून वळते का? टोकाले लावा ना!"

टाकी मध्ये आणली, वळवायची इंजिनं दोन्ही टोकांना लावली. वळलं! व्हिडिओ पाहून पाहून आमचे डोळे गेले होते, आणि हे सांगायला एक डोंगावाला लागला. परीक्षेत जहाज भाऊंनीच चालवायचं ठरलं. चार रविवारांत त्यांचा हात बसला.

*

त्या खुशीत भाऊंनी आम्हाला डोंग्यातून फिरवलं. पाण्याच्या मधोमध आल्यावर त्यांनी डोंगा थांबवला, चपला काढून बाजूला ठेवल्या.

"तुमीबी काढा."

"काहून?"

"खाली आमचं देऊळ हाये."

हात जोडून झाल्यावर ते परत वल्हवू लागले. प्रमोदनेही बूट काढले होते. काठ येईपर्यंत त्याने ते परत घातले नाहीत.

*

तिसरी परीक्षा रविवारी दुपारी. भाऊंनी सगळी वळणं अशी घेतली की नागपूरवाले हेडफोनवर वाहवा करू लागले. शेवटचा टप्पा एका ग्रहावरचा: एक मोठं तळं ओलांडायचं, पलीकडे गेट. चाळीस सेकंद हातात.

"पास!" प्रमोद नाचायलाच लागला.

तळ्याच्या मधोमध भाऊंनी समोरची इंजिनं चालू केली. जहाज थांबलं. इतकं छान आमचं जहाज आजवर कधी थांबलं नव्हतं!

"भाऊ, टाइम जाऊन राहिला! काहून थांबले?"

भाऊ खाली वाकले. चपला काढून त्यांनी टेबलाखाली सरकवल्या.

माझा आवाज चढला. "भाऊ, गेम हाये हा! खाली काहीच नाही!"

"मालूम हाये," भाऊ म्हणाले, आणि त्यांनी हात जोडले.

स्क्रीनवर अकरा सेकंद उरले होते. मी प्रमोदकडे पाहिलं. तो खाली बसून बुटाच्या नाड्या सोडत होता.