पंचवीस वेळा धुतलेले हात

माझ्या दोन्ही हातांना इसब. बोटांच्या पेरांना भेगा, तळव्याला खाज. शाळेत शिकवताना मी टेबलाखाली हात नेऊन खाजवायचे. मी निवृत्त झाले, पण इसब काही निवृत्त झाला नाही.

लेक पहिल्या बाळंतपणाला आमच्याकडे अकोल्याला आली. मुलगी झाली. काळ्याभोर जावळाची, नाकानं थेट माझ्यावर गेलेली. आणि मी, जिनं चार भाचरं न्हाऊमाखू घातली, तिनं त्या पोरीला हात म्हणून लावला नाही. माझ्या हातचं हे तिच्या कोवळ्या अंगावर जाईल, ही धास्ती. कोणाला सांगायचीही सोय नव्हती. लेक बाळाला उचलून तडक सासरी गेली तर? म्हणून बाळ घ्यायची वेळ आली की माझी निमित्तं: कधी कंबर धरली, कधी दूध उतू जातंय.

मालिशला बाई ठेवली. ती पोरीचे पाय चोळायची आणि मी दारात उभी राहून जळायचे. "अवो, जरा हळू! कणीक हाय का ते?" बिचारी! तिचा हात माझ्यापेक्षा हलका होता, हे आज कबूल करते.

मी आपली हात धूत राहायचे. कडक पाणी, जंतुनाशक साबण. धुतले की भेगा वाढायच्या, भेगा वाढल्या की आणखी धुवायचे.

बाळ तीन महिन्यांचं झालं, तेव्हा कळलं की अमरावतीच्या एका दवाखान्यात इसब असलेल्यांसाठी माहितीचा वर्ग आहे. बहिणीकडे जाते अशी थाप मारली आणि एसटीत बसले. वर्गात पंधरा-वीस मोठी माणसं, सगळी खाजवणारी. बाप्पा, जीव कसा हलका झाला!

डॉक्टरीणबाईंनी विचारलं, "दिवसातून हात किती वेळा धुता?"

माझा हात पहिला वर. "पंचवीस वेळा! साबणानं!" आता शाबासकी मिळणार म्हणून ताठ बसले.

शेजारचे अकोटचे काका म्हणाले, "काहून वो बाई, सोताच्याच मागं हात धुऊन लागल्या काय?"

सगळा वर्ग हसला. मीही हसले.

मग बाईंनी समजावलं. सारखं साबण लावून कातडी कोरडी पडते, म्हणून भेगा. कोमट पाणी, सौम्य साबण, हात ओलसर आहेत तोवरच मलम, भांडी घासताना हातमोजे. आणि इसब शिवल्यानं पसरत नाही.

"लहान लेकराले बी नाही?" मी उठून उभीच राहिले.

"कोणालाच नाही. भेगा भरेपर्यंत मालिश राहू द्या, तुम्हालाच झोंबेल. पण मांडीवर आजच घ्या."

घरी आले आणि चप्पल काढता काढता लेकीला सगळं सांगून टाकलं. धास्ती, थाप, काका, सगळं. वाटलं, पोट धरून हसेल. ती मटकन पलंगावर बसली.

"आई, मले वाटलं, मुलगी झाली म्हणून तू तिले मांडीवर घेऊन नाही राहिली."

तीन महिने! तीन महिने हे मनात ठेवून माझी पोर मी वाढलेले डिंकाचे लाडू मुकाट्यानं खात होती. नात पाळण्यात हातपाय झाडत होती. ती थांबेल, म्हटलं. त्या भेगाळ हातांनी मी आधी लेकीला उराशी धरलं.